हातभर अंतराची कुळकथा

विरारच्या फुलपाड्यातून परदेशी निघालेल्याची गाडी विरार फाट्याला हायवेला लागेस्तोवर पासपोर्ट घेतला का, गोळ्या घेतल्या का, हे घरच्यांनी दोनदा विचारून झालेलं असतं. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे : "तिकडे उतरल्या उतरल्या नेट लागेल ना?" लागेल, असं जो तो धरूनच चालतो. घरच्या वायफायला जोडलेला लॅपटॉप लंडनच्या किंवा दुबईच्या खोलीत तसाच उघडायचा आणि काम पुढे चालू करायचं. ही सवय फार जुनी नाही, पण तिची कुळी चमत्कारिक आहे. त्यात एक कर्णबधिर शास्त्रज्ञ आहे, दुकानांतले गल्ले आहेत आणि नवी मुंबईतलं सानपाडाही आहे.

समुद्रापलीकडे संदेश पाठवण्याचं कोडं तारायंत्रानं एकोणिसाव्या शतकातच सोडवलं होतं. प्रवासी अडला तो खोलीतली भिंत आणि टेबल यांच्यामधल्या हातभर अंतरात.

फोनच्या तारेवरून संगणकाची भाषा पाठवणारं यंत्र, म्हणजे मॉडेम, अमेरिकेत १९५०च्या दशकाअखेर तयार होतं. पण तार बेल कंपनीची, फोनही बेलचाच, आणि परक्याचं यंत्र आपल्या तारेला जोडू द्यायचं नाही हा कंपनीचा दंडक. कॅलिफोर्नियातला भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटब्रेख्ट जन्मापासून कर्णबधिर होता. फोनवर त्याला ऐकू येणार नव्हतं, पण टेलिप्रिंटरवर वाचता आलं असतं. १९६४ साली त्यानं तारेला हातच न लावण्याची युक्ती काढली. फोनचा रिसीव्हर दोन कपांत बसवायचा. टायपलेल्या अक्षरांचे सूर होणार, ते सूर रिसीव्हर ऐकणार, पलीकडचं यंत्र त्यांची पुन्हा अक्षरं करणार. पासाडेनातले दंतवैद्य जेम्स मार्स्टर्स, तेही कर्णबधिर, यांच्याशी त्यानं असा पहिला संवाद केला. कंपनीच्या दृष्टीनं फोनसमोर कुणीतरी शिट्ट्या वाजवत होतं, एवढंच! बेलचा दंडक १९६८ साली सरकारी निवाड्यानं मोडला, तरी ते कप टिकले. ऐकू न येणाऱ्यांसाठी झालेली ही सोय पुढे फिरतीवरच्या माणसांनी उचलली.

१९८२ साली आलेल्या ग्रिड कंपास या घडीच्या संगणकात मॉडेम आतच होता, पण किंमत आठ हजार डॉलरवर. खरा संसार मांडला तो १९८३च्या टीआरएस-८० मॉडेल १०० या वहीएवढ्या यंत्रानं. चार पेन्सिल सेल, आठ ओळींचा पडदा आणि आत मॉडेम. बातमीदार त्याच्यावर लुब्ध झाले. पुष्कळ हॉटेलांत फोनची तार थेट भिंतीत गेलेली असे, काढता येण्याजोगी पिनच नसे. तिथे रबरी कप रिसीव्हरला चढवायचे. वेग सेकंदाला तीसेक अक्षरं, म्हणजे पाच हजार अक्षरांची बातमी जायला पावणेतीन मिनिटं. तेवढ्यात शेजारी कुणी दार आपटलं, की मजकुरात भलतीच अक्षरं उमटत.

पुढे कप गेले, तार सरळ भिंतीत खुपसायची वेळ आली आणि देशोदेशीचे हट्ट समोर आले. अमेरिकेची पिन वेगळी, ब्रिटनची वेगळी, जर्मनी आणि फ्रान्स आपापल्या चुली मांडून. काही हॉटेलांच्या डिजिटल फोनलाइनला जोडलेला मॉडेम जळून जाई. तार जुळली, तरी कानाचा प्रश्न उरायचाच : अमेरिकन डायलटोनच्या सपाट सुरावर वाढलेला मॉडेम आपला गुरगुरता डायलटोन ओळखायचा नाही आणि गप्प बसायचा. म्हणून विंडोजमध्ये 'डायलटोनची वाट पाहा' या ओळीपुढची खूण काढून टाकायची, हा त्या काळातल्या फिरस्त्यांचा तोंडपाठ मंत्र होता.

आपल्याकडे जुहूच्या एनसीएसटी या संस्थेनं १९८९ साली अमेरिकेशी ९,६०० बिट वेगाची स्वतंत्र लाइन जोडली, ती संशोधकांपुरती. सामान्यांसाठी विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला मुंबईसह महानगरांत इंटरनेट सुरू केलं. एका व्यक्तीला २५० तासांचे ५,००० रुपये. फुलपाड्यातल्या माणसाला मात्र परदेशाचा अनुभव घरबसल्या येण्यासारखा होता. विरार महानगर टेलिफोन निगमच्या हद्दीबाहेर, कोड ०२५०. मुंबईतला मॉडेम गाठायचा, तर आधी ०२२ लावून परगावचा फोन करायचा. चर्चगेटला रोज लोकलनं जाणारा माणूस इंटरनेटच्या हिशेबात परगावचा होता.

विदेश संचारच्या त्या खात्याच्या ई-मेल पत्त्यातही 'जीआयएएसबीएम' अशी मुंबईची मोहोर असायची. टपाल मुंबईच्या यंत्रात साठायचं. परदेशातून ते वाचायचं तर तिथवर पोचण्याची खटपट. ही गाठ सोडवली हॉटमेलनं. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ला ते सुरू केलं आणि कुठल्याही देशातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये पत्र उघडू लागलं. मग स्वतःचा लॅपटॉप नेण्याचं कारणच उरलं नाही. काही वर्षं सायबर कॅफेचीच चलती होती.

लॅपटॉप पुन्हा बॅगेत आला तो वायफायमुळे. एनसीआर ही गल्ल्याची यंत्रं बनवणारी कंपनी. दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्याच्या तारा उखडाव्या लागत, म्हणून तिच्या नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी बिनतारी जोडणीचं काम हाती घेतलं. त्यांतले व्हिक हेस पुढे मानक ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. मानक १९९७ साली आलं, १९९९मध्ये ॲपलच्या आयबुकनं ते घराघरांत नेलं आणि २००३मध्ये इंटेलच्या सेंट्रिनोनंतर बिनतारी लॅपटॉप ही नेहमीची बाब झाली. भिंतीतल्या पिनांचं भांडण मिटलं. त्यांच्या जागी आला पासवर्ड.

आणि मग सानपाडा. २६ जुलै २००८ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं धमकीचा मेल गेला होता; माग निघाला सानपाड्यातल्या एका घरापर्यंत. तिथल्या परदेशी भाडेकरूचं वायफाय उघडं होतं, ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. फेब्रुवारी २००९मध्ये दूरसंचार खात्यानं फर्मान काढलं : सार्वजनिक वायफाय देताना माणसाची ओळख पटवा, फोटोच्या ओळखपत्रावर किंवा मोबाइलवर पाठवलेल्या आकड्यांवर. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेलटेलचं फुकट वायफाय लागलं, तेही ओटीपी मागतच. भारतीय सिम नसलेला पाहुणा उत्तम लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथे ताटकळणार, हे ओघानंच आलं.

उलटा फासही २००९चाच. त्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसरी खात्री सक्तीची केली. ती बहुधा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनं होते, त्यामुळे परदेशी गेलेल्याला तिथलं नेट मिळालं, तरी घरचा नंबर जिवंत ठेवावाच लागतो. आताच्या बऱ्याच मोबाइलमध्ये ई-सिम चालतं. ते घरूनच विकत घेता येतं, विमान टेकलं की जागं होतं आणि लॅपटॉपला हॉटस्पॉट देतं. पण जुनं सिम आतच राहतं, डेटा रोमिंग बंद करून, केवळ ओटीपीची वाट पाहत. विरारच्या वीजबिलाचे पैसे लंडनमधून भरायचे, तर आकडे त्याच नंबरवर येणार.

एवढं सगळं जमलं की लक्षात येतं, लॅपटॉपची बॅटरी संपत आली आहे. चार्जरला व्होल्टेजची फिकीर नाही, १०० ते २४० त्याला सारखेच. त्याच्या पिना मात्र गोल. हा गोल पिनांचा घाट ब्रिटिशांचाच, १९३४च्या त्यांच्या मानकातला. आपण तो अजून सांभाळला आहे आणि त्यांनी १९४७ साली चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं. लंडनच्या खोलीत पलंगामागच्या भिंतीत तीन चौकोनी भोकं दिसतात, आणि फुलपाड्याहून आलेली वायर हातात तशीच राहते.