विजेच्या इशाऱ्याचे कूळ
वैशाखाच्या उतरत्या दुपारी कर्वेनगरावर वळवाचे ढग चढू लागले, की आज हातातल्या फोनवर इशारा उमटतो. परंतु 1900 साली, जेव्हा ही वस्ती हिंगणे बुद्रुक होती आणि अण्णासाहेब कर्व्यांनी येथील उघड्या माळावर आपल्या आश्रमाची पहिली झोपडी उभारली, तेव्हा त्या झोपडीतल्या जिवांना आभाळाखेरीज दुसरे कोणी सावध करणारे नव्हते.

सरकारदरबारी इशाऱ्याची विद्या मात्र तोवर चांगली रुळलेली होती. 5 ऑक्टोबर 1864 च्या चक्रीवादळाने कलकत्त्यात हजारो माणसांचा संहार केल्यावर 1865 मध्ये त्या बंदरात इशारे देण्याची पद्धत सुरू झाली, 1875 मध्ये हवामान खाते स्थापन झाले, आणि 1898 मध्ये सर्व बंदरांस एकच संकेतपद्धती लागू झाली. दिवसा शंकू व नळकांडी, रात्री तांबडे-पांढरे दिवे काठीवर चढवावयाचे, असा तो बंदोबस्त. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे शब्द कानी पडताच कोकणातला तांडेल आजही होडी आत घेतो. गलबतांची तजवीज अशी झाली, माळावरच्या गुराख्याची झाली नाही. आणि यात ज्ञानाच्या उणिवेइतकाच वाटा कोणाच्या नुकसानीची दाद लागते याचाही होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

गडगडणाऱ्या मेघाचा अभ्यासही याच खात्यात वाढला. सिमल्यास जॉर्ज सिम्प्सन यांनी पावसाच्या थेंबांवरील विद्युद्भार मोजला. पुढे कुलाब्याच्या वेधशाळेत सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी मेघाखालील विद्युत्क्षेत्राचा वेध घेतला. मेघाच्या थंड उदरात गारांचे मऊ कण व हिमस्फटिक एकमेकांवर आदळतात, हलके स्फटिक बहुधा धनभार घेऊन वर जातात, जड कण ऋणभार घेऊन खाली राहतात, आणि ही फारकत असह्य झाली म्हणजे वीज कडाडते, हे आज सर्वमान्य आहे.

1928 मध्ये खात्याचे मुख्य दफ्तर सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. येथेच 1932 मध्ये एल. ए. रामदास यांच्या हाताखाली कृषिहवामानाचा विभाग निघाला, आणि 1945 पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू झाल्या. इशारा बंदरातून बांधावर आला खरा. परंतु ती वार्ता विस्तृत मुलखाची व दिवसभराची असे, आणि वळीव तर अर्ध्या तासात एखादेच शिवार झोडपून निघून जातो.

ही अडचण पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हाती घेतली. वीज चमकताच निघणाऱ्या रेडिओलहरी निरनिराळ्या ठिकाणचे संवेदक टिपतात, आणि त्या कोठे किती आधी पोहोचल्या यातील अत्यल्प कालभेदावरून विजेचे स्थान निश्चित होते. प्रथम महाराष्ट्रात बसविलेले हे जाळे पुढे देशभर पसरून संवेदकांची संख्या ऐंशीपलीकडे गेली. त्याच्या आधारे 2018 मध्ये ‘दामिनी’ हे अ‍ॅप निघाले, जे आपल्यापासून 20 व 40 किलोमीटरांच्या आत वीज पडत असल्यास सूचना देते.

तरीही ज्याच्याजवळ फोन नाही, किंवा ज्याच्या रानात रेंज नाही, तो मेंढपाळ पाऊस लागताच झाडाखालीच धावतो, आणि तीच जागा सर्वांत घातक. गावोगावच्या देवळांवर कर्णे आहेत. दामिनीची सूचना येताक्षणी त्यांवरून ती पुकारण्याचे काम ग्रामपंचायतींनी नेमून दिलेल्या माणसाकडे सोपवावे, आणि ते येत्या वैशाखापूर्वी व्हावे.