गाडी ‘मिसिंग’ मारतेय? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

कोकणातून करूळ घाट चढून गगनबावड्याकडे येताना गाडी धक्के देऊ लागली, पिकअप गेला आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लागला, तर इंजिन मिसफायर होत असण्याची शक्यता मोठी. गॅरेजच्या भाषेत, गाडी ‘मिसिंग’ मारतेय.

म्हणजे नेमकं काय?
एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. पेट्रोल गाडीत कारण स्पार्क प्लग, इग्निशन कॉईल, इंजेक्टर किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन असू शकतं. पावसाळ्यात कॉईलच्या चिरलेल्या रबरातून ओल शिरली तरी असं होतं.

दोष कसा शोधायचा?
स्कॅनर लावा. पी०३०२ कोड म्हणजे दुसरा सिलिंडर. पी०३०० म्हणजे मिसफायर एकाच सिलिंडरपुरता नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असेल, तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर दुसऱ्याची कॉईल तिसऱ्याला लावा. कोड पुसून गाडी चालवा. आता पी०३०३ आला, तर कॉईल खराब. पी०३०२च राहिला, तर प्लगची अशीच अदलाबदल करा. तरीही फरक नसेल, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या.

गाडी चालवावी का?
दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठा. लुकलुकत असेल तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो निकामी होऊ शकतो. त्याचा खर्च प्लगच्या कितीतरी पट असतो.

म्हणून ‘सगळंच बदलू’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला आधी विचारा: कोड कोणता आला?