हेन्रीची काठी

आज एका काठीची गोष्ट. आजोबांच्या हातात असते तशीच, चालताना टेकायची साधी काठी. पण ही काठी आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलादालनात आहे, आणि ती कोरणारा माणूस आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षं गुलाम होता.

त्याचं नाव हेन्री गजेल. जन्म १८२६, केंटकी राज्यात. पुढे तो मिझुरीत आला. लोहारकाम, चाकं बनवणं, धातूकाम असं सगळं त्याला यायचं. हात कसबी, पण मालकी दुसऱ्याची!

आता इथे एक गंमत आहे, म्हणजे खरं तर कडू गंमत. १ जानेवारी १८६३ ला लिंकनने गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला, हे आपण शाळेत वाचलंय. पण तो लागू होता बंडखोर राज्यांना. मिझुरी तर लिंकनच्याच बाजूला होतं. त्यामुळे तिथले गुलाम गुलामच राहिले! मिझुरीने गुलामगिरी रद्द केली ती जानेवारी १८६५ मध्ये.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, १८६७ च्या सुमारास, हेन्रीने ही काठी कोरली. कुणासाठी? जॉन ब्रायन नावाच्या माणसासाठी. यादवी युद्धात त्याच्या गुडघ्याला जखम झाली होती. म्हणजे काठी शोभेची नव्हती, गरजेची होती.

बघा, डोळ्यांसमोर आणा. वर पकडायच्या जागी वळणावळणाच्या खाचा. त्याखाली एक पाल आणि एक कासव, जणू काठीवरून सरपटत वर निघालेत. मग एक माणूस. अंगात सदरा, पँट, पायात बूट. गुडघे वाकवून तो काठीला बिलगलाय. त्याच्या खाली एक फांदी, तिला एकच पान. आणि तळाकडे वेटोळे घालून बसलेला साप. जंगलात वेलीने आवळलेल्या फांद्यांना असा पीळ आपोआप पडतो, आणि बरेच लोककलाकार तशीच फांदी शोधून आणतात. हेन्रीने मात्र हा पीळ हाताने कोरून काढलाय.

येलचे कला-इतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी या काठीचं नातं आफ्रिकेतल्या काँगो भागातल्या कोरीव दंडांशी जोडलं. म्हणजे गुलामांच्या जहाजांतून माणसं आली, तेव्हा त्यांच्यासोबत कलाही आली. सामान काढून घेता येतं, हातातली कला कशी काढून घेणार?

आणि तो वाकलेल्या गुडघ्यांचा माणूस कोण? जखमी ब्रायन, की वर चढू पाहणारा हेन्री स्वतः? मला विचाराल तर दोघंही. एकाला उभं राहायला आधार हवा होता, दुसरा नुकताच स्वतःच्या पायांवर उभा राहत होता. १८७० मध्ये हेन्रीने २२ एकर जमीन विकत घेतली. जो माणूस कधीकाळी स्वतःच कुणाची तरी मालमत्ता होता, तो आता जमिनीचा मालक झाला. १८९५ मध्ये तो वारला.

त्या काळातल्या कितीतरी कृष्णवर्णीय कारागिरांच्या वस्तू उरल्या, पण नावं गेली. हेन्रीचं नाव टिकलं. म्हणून आज घरी गेलात की एक करा. जुनी काठी, पाट, पोळपाट, जे काही असेल ते हातात घ्या आणि विचारा, "हे कुणी बनवलं होतं?" उत्तर मिळालं, तर नाव लिहून ठेवा.

भेटूया पुढच्या भागात!