चार मीटरची रेघ

एसयूव्ही हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीपासून नगर जिल्ह्यात जीप होती. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढची काही दशके ही गाडी तहसील कचेरी, पोलीस ठाणे, साखर कारखाना आणि निवडणुकीचा प्रचार यांच्या कामी आली; काळी-पिवळी होऊन तिने बाजारच्या दिवशी माणसेही वाहिली. अशा राबणाऱ्या गाडीच्या वंशात आज ‘प्रीमियम’ आणि ‘सर्वसाधारण’ असे दोन वर्ण पडले आहेत. माझ्या मते ही विभागणी रस्त्याने किंवा गरजेने केली, त्याहून अधिक अर्थसंकल्पाने केली.

2006 च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचे उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आले. लहान म्हणजे चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत आणि डिझेल 1500 सीसीपर्यंत. त्यानंतर कारखानदार गाड्या या मापात बसवू लागले. 2000 साली आलेली बोलेरो चार मीटरपेक्षा थोडी लांब होती. 2016 मध्ये तिची ‘पॉवर प्लस’ आवृत्ती आखूड होऊन, दीड लिटरचे इंजिन घेऊन आली. गावचा रस्ता तोच होता, बसणारी माणसेही तीच. बदलायला लावले ते करआकारणीने. याहून ठळक पुरावा पुणे-नगर रस्त्यावर, घोडनदीच्या अलीकडे रांजणगावात आहे. फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या एकाच कारखान्यातून 2017 मध्ये जीप कंपास आणि टाटा नेक्सॉन बाहेर पडल्या. कंपास सुमारे 4.4 मीटर लांब, सुरुवातीची किंमत 14.95 लाख, नेक्सॉन चार मीटरला जेमतेम कमी, किंमत 5.85 लाखांपासून. परदेशात कंपासच कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणून विकली जाते. आपल्याकडे मात्र ती थोरामोठ्यांची गाडी ठरली.

यावर कोणी म्हणेल, किमतीतला सगळा फरक काही कराचा नाही. ते खरेच आहे. कंपासचे दोन लिटरचे डिझेल इंजिन, मागच्या चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन, वरच्या आवृत्तीतली चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा यांना खर्च येतो, आणि अकोले तालुक्यातल्या घाटात भर पावसाळ्यात त्यांचा उपयोगही होतो. पण सुपा, राहुरी, श्रीरामपूर असा रोजचा प्रवास करणाऱ्याला त्यांची गरज क्वचितच पडते. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. महाग गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज 2018 च्या डिसेंबरात नेक्सॉननेच मोडला. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. नगरच्या व्हीआरडीईसारख्या मान्यताप्राप्त संस्था मंजुरीसाठी गाडी तपासतात, तेव्हाही नियमांतली किमान अट स्वस्त-महाग पाहून बदलत नाही.

सप्टेंबर 2025 पासून या चार मीटरच्या रेघेच्या आत जीएसटी 18 टक्के आहे आणि पलीकडे 40. रेघेपलीकडची गाडी घेणाऱ्याने तिच्या इंजिनाचे आणि सस्पेन्शनचे पैसे खुशाल मोजावेत. जास्तीचा कर हा मात्र तिचा गुण समजू नये.