ठिणगीचा माग

होळकरांच्या अमदानीत इनामाच्या निमित्ताने माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांस कांस गवत काही नवे नव्हे. काळ्या जमिनीत खोल पसरणाऱ्या त्याच्या मुळांपुढे बैलांचा नांगर हार खाई. १९४८ साली मध्य भारत राज्य झाले आणि इंदूर त्याची उन्हाळी राजधानी. पुढच्याच वर्षी जागतिक बँकेने भारतास शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले, ते मुख्यतः कांस मोडण्यासाठीच. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेचे अवजड ट्रॅक्टर आपल्याकडे आले ते या कामी.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही, असे आपण शिकलो. परंतु त्या काळातील इंटरनॅशनल कंपनीचे मोठे डिझेल ट्रॅक्टर आधी पेट्रोलवर, स्पार्क प्लगच्या साहाय्याने सुरू करून मग डिझेलवर घेत. कॅटरपिलरच्या मोठ्या यंत्रांना तर त्यासाठी निराळे लहान पेट्रोल इंजिनच जोडलेले असे. तेव्हा मिस्त्रीला ठिणगीची विद्या अवगत असणे भागच होते. १९५५ साली नर्मदाकाठी बुदनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले, ते आजही संस्थारूपाने चालू आहे.

फोर्डसनसारख्या ट्रॅक्टरांवर मॅग्नेटो असे. तो स्वतःच वीज निर्माण करी. १९४६ च्या फर्ग्युसनमध्ये बॅटरी, कॉईल आणि डिस्ट्रिब्युटर आले. दोहोंतील दोष शोधण्याची रीत उलट आहे. कॉईलच्या इंजिनात तार तुटली की ठिणगी जाते. म्हणून बॅटरीपासून निघून स्विच, कॉईल, पॉइंट अशी एकेक जागा टेस्ट लॅम्पने पाहत जावे. कॉईलची जाड तार कोरड्या लाकडी चिमट्याने इंजिनच्या लोखंडापासून दोन सूत दूर धरावी. ठिणगी निळी पडूनही इंजिन मुके राहिले, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण ओले असण्याचा संभव. माळव्याच्या पावसाळ्यात हेच आधी पाहावे. ठिणगी पिवळी आणि पॉइंट जळालेले असतील, तर संशय कंडेन्सरवर.

मॅग्नेटोची स्विचकडे जाणारी तार मात्र इंजिन बंद करण्यासाठी असते. ती लोखंडास टेकली की ठिणगी मरते. उंदराने वेष्टन कुरतडले तरी तेवढे पुरते. ती तार सोडवून इंजिन फिरवावे. ठिणगी परतली, तर मॅग्नेटो निर्दोष. (चालू झालेले इंजिन मग इंधनाचा नळ मिटूनच बंद करावे लागेल, हे ध्यानात असू द्यावे!) कित्येक धडधाकट मॅग्नेटो या एका तारेपायी भंगारात गेले असावेत, असे मला वाटते.

फर्ग्युसनचेही डिझेल इंजिन १९५१ मध्ये आले आणि ठिणगीचे मिस्त्री हळूहळू विरळ झाले. इंदूरभोवतीच्या कित्येक शेतांवर आता वसाहती उभ्या आहेत. कोणाच्या गोठ्यात असा एखादा जुना ट्रॅक्टर उरला असेल, तर तो किलोच्या भावाने देण्यापूर्वी ती तार एकदा सोडवून पाहावी.