सोनोग्राफी केंद्रातल्या 'त्या' पाटीमागचा इतिहास

सोनोग्राफीला गेलात की दारातच एक पाटी दिसते: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. आत गेल्यावर 'फॉर्म एफ' भरावा लागतो. आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, तपासणी कशासाठी, आणि शेवटी सही. पुष्कळ पेशंट मला विचारतात, "डॉक्टर, आम्हाला मुलगा-मुलगी दोन्ही सारखेच. मग एवढी कागदपत्रं कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र थोडं मागे जाऊन द्यावं लागतं.

हे यंत्र मुळात दवाखान्यासाठी जन्मलंच नाही. कारखान्यात धातूच्या आत चीर आहे का, हे ध्वनिलहरींनी तपासत असत. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन जवळच्या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. घट्ट गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे तिथे दिसलं. १९५८ साली त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीला पोटाचा असाध्य कर्करोग आहे असं समजलं जात होतं. या यंत्रामुळे ती अंडाशयाची मोठी गाठ असल्याचं कळलं, शस्त्रक्रिया झाली आणि ती बाई वाचली. सुरुवात इतकी चांगली होती.

भारतात गर्भलिंगनिदानाची वाट आधी दुसऱ्या तपासणीने उघडली: गर्भजल परीक्षा. गर्भाभोवतालचं पाणी सुईने काढून बाळातले उपजत दोष शोधायचे, हा तिचा हेतू. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये १९७५ च्या सुमारास ती सुरू झाली. पण त्याच पाण्यातून मुलगा की मुलगी हेही कळत होतं, आणि बऱ्याच कुटुंबांना तेवढंच हवं होतं. सरकारने लिंगनिदानासाठी तिचा वापर सरकारी रुग्णालयांत बंद केला. खाजगी दवाखान्यांना मात्र ते बंधन नव्हतं. धंदा तिकडे गेला. आज थोडे पैसे खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे लागू लागल्या.

१९८६ साली मुंबईत ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली. त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते. हे सगळे शिकलेले, प्रतिष्ठित डॉक्टर होते. अशा वेळी आमच्या व्यवसायातला नेहमीचा युक्तिवाद असा: "आम्ही फक्त माहिती देतो, निर्णय कुटुंबाचा." मला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. त्या माहितीचं पुढे काय होणार, हे देणाऱ्यालाही ठाऊक असे आणि घेणाऱ्यालाही.

मुंबईतल्या स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि वकील याविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

पण तोवर सोनोग्राफी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली होती. सुई नको, दुखणं नको, काही मिनिटांचं काम. आकडे पाहा. निसर्गतः १००० मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात १००० मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३. २०११ साली ८९४, आणि बीड जिल्ह्यात तर ८०७. म्हणजे कायदा कागदावर असतानाच मुली कमी होत गेल्या.

'सेहत' आणि 'मासूम' या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. कायदा नीट राबवा, असे आदेश न्यायालयाने दिले. २००३ साली सुधारित कायदा लागू झाला. गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली. त्या पाटीमागे आणि त्या फॉर्ममागे हा सगळा इतिहास आहे.

मग सोनोग्राफी आलीच नसती तर बरं झालं असतं का? मुळीच नाही. वार खाली सरकलेली, गर्भ नळीत राहिलेला, बाळाच्या हृदयात दोष, हे सगळं आज वेळेत कळतं आणि जीव वाचतात. चूक यंत्राची नव्हती. ते कशासाठी वापरायचं नाही, हे ठरवायला आपण उशीर केला. समाजात मुलगाच हवा ही हाव आधीपासून होती. मर्यादा घालून न दिलेलं यंत्र त्या हावेच्याच कामाला लागलं.

हा विषय संपलेला नाही. आईच्या रक्तात बाळाचा डीएनए सापडतो, हे १९९७ साली सिद्ध झालं. आता त्यावरून दहाव्या आठवड्यापासूनच डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता तपासता येते. त्याच रक्तातून बाळाचं लिंगही कळू शकतं. म्हणून आपल्याकडे रिपोर्टमध्ये ते देत नाहीत. या वेळी मर्यादा आधीपासून आहे, हे चांगलंच आहे.

पेशंटनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बाळाचं लिंग शब्दांनी, खुणेने किंवा इतर कोणत्याही प्रकारे सांगणं गुन्हा आहे. 'पेढा की जिलेबी' असं विचारूनही तो टळत नाही. सांगणाऱ्या डॉक्टरप्रमाणेच तपासणीची मागणी करणाऱ्या नातेवाइकांनाही शिक्षा होऊ शकते. मात्र जिला जबरदस्तीने तपासणीला नेलं, त्या स्त्रीला कायदा गुन्हेगार धरत नाही. घरातून असा दबाव येत असेल तर आपल्या डॉक्टरांना एकांतात सांगा, किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा.

आणि पुढच्या वेळी फॉर्म एफ भरताना कंटाळा आला, तर हा लेख आठवा. त्यात जातात पाच मिनिटं. सही करा, तपासणी नीट करून घ्या, आणि बाळ ठणठणीत आहे ना, एवढंच आम्हाला विचारा.