भाडेकरू, मालक आणि चार तारखा

(व्याख्यानाचं शब्दांकन)

सभागृहात शिरताना एका गृहस्थांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "मुलगा भाड्याने राहतो. हप्ते भरून घर घ्यायला तयार नाही. तुम्ही इतिहासवाले, त्याला जरा समजावा." मी म्हटलं, आधी व्याख्यान ऐका, मग ठरवू कोणाला समजवायचं ते.

आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. काटकसर केली त्याचं घर झालं, उधळपट्टी केली तो भाड्याने राहिला. मुंबईच्या गेल्या शंभर वर्षांकडे पाहिलं तर हे अर्धंच खरं ठरतं. काटकसर जवळपास सगळ्यांनीच केली. तिचं पुढे काय झालं, हे बऱ्याचदा कॅलेंडरवरच्या तारखांनी ठरवलं. त्यातल्या चार तारखा आज सांगणार आहे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांचा प्रश्न सरकारला दिसला आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. इमारती २०७, खोली साधारण १६० चौरस फुटांची. बाकी गिरणगाव खाजगी मालकांच्या चाळींत राहायचं. कोकणातून, घाटावरून आलेला गडी गावकऱ्यांच्या गाळ्यात पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि पगार झाला की गावी मनिऑर्डर करायचा. त्याची काटकसर गावच्या घराच्या कौलांत जायची. मुंबईत आपण भाडेकरू आणि गावात घरमालक, यात त्याला काही विचित्र वाटत नव्हतं.

मध्यमवर्गाने वेगळी वाट काढली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिथली गंमत बघा. इमारत संस्थेची, सभासद त्या संस्थेचा भागीदार आणि तिचाच भाडेकरू. म्हणजे ज्याला आपण 'स्वतःचं घर' म्हणतो, त्याची सुरुवात 'आपणच आपल्याला भाडं देऊ' अशा विचारातून झाली. आजही बहुतेक सोसायट्यांत इमारत संस्थेच्या नावावर असते. आपल्या हातात असतं ते भागपत्र आणि राहण्याचा हक्क.

आता पहिली तारीख, १ सप्टेंबर १९४०. युद्धाचे दिवस होते. नंतर फाळणी झाली, निर्वासित आले, घरं मिळेनात. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि तो १९४८ च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्याने ठरवलं, की १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं. कायदा तात्पुरता होता. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. धान्य महागलं, पगार वाढले, सोनं कुठच्या कुठे गेलं, पण खोलीचं भाडं होतं तिथेच राहिलं.

यात नुकसान कोणाचं झालं? चाळीचा मालक म्हणजे प्रत्येक वेळी शेटजी नसायचा. कोणी आयुष्याची पुंजी घालून दुमजली इमारत बांधलेली असायची, म्हातारपणी भाडं येईल म्हणून. काटकसर त्यानेही केली होती. त्या भाड्यात रंगसुद्धा लागेना. जिने कुजले, इमारती पडू लागल्या. शेवटी १९६९ साली सरकारने कायदा करून उपकर लावला आणि दुरुस्ती मंडळ नेमलं. 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द तिथून आला.

आणि भाडेकरू? त्याला कोणी सहजी काढू शकत नव्हतं. खोली मुलाला मिळायची. सोडायची झाली तर नवा भाडेकरू पागडी द्यायचा, त्यातला वाटा मालकाला. कायद्यात पागडी गुन्हा होती, तरी व्यवहार उघड चालायचा. १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. म्हणजे नावाला भाडेकरू, पण घर जवळजवळ त्याचंच.

दुसरी तारीख, १ फेब्रुवारी १९७३. कायदा टाळायला मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'चे करार सुरू केले होते. १९७३ साली दुरुस्ती झाली, की त्या दिवशी जो असा परवानाधारक म्हणून जागेत राहत असेल, तो भाडेकरू मानला जाईल. एखादा जानेवारीत जागा सोडून गेला, त्याच्या हाती काही नाही. त्याच्याजागी आठवड्यापूर्वी आलेला मात्र कायमचा भाडेकरू. दोघांपैकी कोण जास्त काटकसरी होता, हे कायद्याने विचारलं नाही. मालकांनीही धडा घेतला. फ्लॅट कुलपात राहिला तरी चालेल, पण भाड्याने द्यायचा नाही, आणि दिलाच तर अकरा महिने.

तिसरी तारीख, १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

इथे थोडं घरचं सांगतो. माझे वडील साचेखात्यात होते. आमची लालबागला खोली, भाडं अठरा रुपये. पगार बंद झाला. आईने पापड लाटले, वडिलांनी भाजीची गाडी लावली. अठरा रुपये कसेही जमायचे. त्या वेळी आमच्या डोक्यावर घराचे हप्ते असते तर वर्षभरात आम्ही रस्त्यावर आलो असतो. आम्हाला मालकीने वाचवलं नाही. गोठलेल्या भाड्याने वाचवलं. गिरणगावात असं हजारो घरांचं झालं.

शेजारच्या काकांनी मात्र ८६ साली खोली पागडीवर दिली. मुलीचं लग्न आणि देणी. ते दिव्याच्या पलीकडे राहायला गेले. पुढे आमच्या चाळीचा पुनर्विकास झाला आणि आम्हाला फ्लॅट मिळाला. नातेवाईक अजून म्हणतात, "तुझ्या वडिलांनी काय दूरदृष्टी ठेवली!"

खरी गोष्ट मला ठाऊक आहे. त्याच वर्षी आमच्याही खोलीला गिऱ्हाईक आलं होतं. वडील द्यायला तयार होते. गिऱ्हाइकाला काकांची खोली पसंत पडली, कारण ती जिन्याजवळ होती. एवढंच. काका वडिलांपेक्षा जास्त काटकसरी होते. विडीसुद्धा अर्धी विझवून ठेवायचे.

चौथी तारीख, २८ जून २०१२. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहत होते. कामगारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं लढून त्या जमिनीतला वाटा घरांसाठी मिळवला होता. त्या दिवशी म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज दीड लाखाच्या आसपास. तीस वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून संप केला होता. आता त्याच माणसांच्या नावांची चिठ्ठी निघाली. ज्यांची नावं निघाली ते रडले, ज्यांची निघाली नाहीत तेही रडले. काही कामगार तोवर गेलेच होते, त्यांच्या वारसांनी अर्ज भरले होते. हक्क लढून मिळवला, पण तो हातात पडला सोडतीने.

आणि अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांवरून ५००. ज्यांनी शंभर वर्षं फक्त भाडं भरलं त्यांच्या वारसांना मालकी मिळाली.

म्हणून मुलाला काय सांगायचं? दारात भेटलेले ते गृहस्थ समोरच बसले आहेत. काका, माझ्या मते 'मालकी की भाडं' हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्या वडिलांनी भाड्याने राहून संसार केले, कारण उद्या घर जाणार नाही याची खात्री होती. ती खात्री कायद्याने दिली होती, आणि तिची किंमत मालकाने मोजली. आज तुमच्या मुलाला अकरा महिन्यांनी बॅगा बांधाव्या लागतात, म्हणून तुम्हाला मालकी हवीशी वाटते. तुम्हालाही खरं म्हणजे ती खात्रीच हवी आहे. भाडेकरूला वाजवी खात्री आणि मालकाला वाजवी भाडं, हे दोन्ही एकत्र आपल्याला अजून नीट जमलेलं नाही. ते जमलं असतं तर तुमच्या मुलाचं गणित वेगळं झालं असतं.

हप्ता घ्यायचा का, ते त्याने पगार पाहून ठरवावं. एक विचारा, सहा महिने पगार आला नाही तर हप्ता कुठून भरशील? गिरणगावाला हा प्रश्न ८२ साली पडला होता.

आणि आणखी एक विनंती. कोणी दिव्याला, बदलापूरला, विरारला गेलं असेल, तर 'त्यांनी घालवलं' असं म्हणू नका. काका गेले तेव्हा मी अंत्ययात्रेला गेलो होतो. परत येताना लोकलमध्ये सारखं एकच मनात येत होतं. त्या दिवशी आमची खोली जिन्याजवळ असती तर?

आता प्रश्न घेऊ.